हातातली मूठ

शहापूर
गुरुवार, ३० ऑगस्ट २००७

प्रिय कमळ,

तुझी राखी मंगळवारी, अगदी पौर्णिमेलाच पोचली. पोस्टमन दुपारी आला, तोवर मी मनगट मोकळं ठेवलं होतं. आईने बांधली. दर वर्षी पाकिटात राखी असते, कागदात बांधलेलं चिमूटभर कुंकू असतं, आणि चिठ्ठी नसते. याही वर्षी मी पाकीट उलटं करून झटकलं. आई म्हणाली, "काय सांडलं का रे?" मी म्हटलं, नाय.

आई ठीक आहे. गुडघा धरतो तिचा, तरी परसातल्या काकडीच्या मांडवाखाली दिवसातून चार फेऱ्या होतात. लावणी यंदा वेळेत आटपली. शेजारचे मंगळूकाका आषाढात गेले ते तुला कळवलंच होतं. त्यांच्या ओट्यावर आता कोणी बसत नाही. मी कामावरून येताना तिकडे मान वळवतो आणि मग आठवतं.

फोनच केला असता. पण आपले फोन कसे असतात तुला ठाऊक आहे. तू विचारतेस, "बरं आहे ना सगळं?" मी म्हणतो, "बरं आहे." प्रज्वल शाळेत जातो का, आदेशराव बाजारात आहेत का, तिकडे पाऊस किती, आणि संपलं. मिनिटही भरत नाही. म्हणून लिहायला बसलोय. शाळा सुटलीय, पोरं गेली, वर्गांना कुलुपं लावून झाली. शिपायाचं एक बरं असतं, शेवटी सगळी शाळा त्याचीच असते.

गेल्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शाळांचे टेबल टेनिसचे सामने झाले. कंपनीच्या क्लबात दहा वर्षं काढली म्हणून सर लोक मला अजून गुण मांडायला बसवतात. आता एकवीसचा गेम राहिला नाही, अकराचा असतो. पोरीला बूड टेकायला वेळ मिळत नाही तोवर गेम जातो. तुला हे माहीत असेलच. मला वाटलं होतं तुला माहीत नसेल, पण आता कळलं की असेलच.

मुलींच्या शेवटच्या सामन्यात धसईची एक पोर होती, तेरा वर्षांची, अक्षदा नावाची. समोर आमच्या शहापूरची मुलगी, तिच्याहून वीतभर उंच. दोन-दोन गेम झाले आणि पाचव्यात आठ-आठ. धसईच्या पोरीचे दोन सोपे पॉइंट गेले होते, तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, गेली ही. तर ती टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. तळवा टेबलाच्या कडेला पुसला. मग बॅट धरलेली बोटं एकेक करून सैल सोडली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. वळली तेव्हा चेहरा असा, जसा काही आत्ताच खेळ सुरू होतोय. सलग तीन पॉइंट घेतले तिने.

माझ्या हातातून गुणांचा तक्ता खाली पडला, कमळ. लोक हसले.

सामना झाल्यावर मी तिला गाठलं. "मघाशी काय पुटपुटत होतीस गो?"

"काय नाय."

"सांग ना. मी काय रागावतो का?"

ती लाजली. म्हणाली, "वावर नको बघू, मूठ बघ. असं म्हनायचं असतं. मग भीती वाटत नाय."

"कोनी शिकवलं?"

"कमळकाकूनी. आमच्या शेजारी राहते. बुधवारी शाळेत येऊन आमाला शिकवते."

मी तिला सांगितलं नाही की मी तुझा कोण. पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि टाकीमागे उभा राहिलो.

बाबांचं वाक्य. नऊ वर्षं झाली ते मी ऐकून. आपल्या घरात ते कोणी म्हणत नाही.

तुला आठवत असेल, कल्याणला तू एकोणीस-चौदा पुढे असताना हरून आलीस ते साल. पंधरा वर्षांची होतीस. घरी आलीस, जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी लावणीला आपण सगळे रोपांच्या मुठी घेऊन खाचरात होतो आणि तू दर दोन ओळींनी कंबर सरळ करून बांधाकडे बघत होतीस. बाबा म्हणाले, "वर बघितलंस की कंबर दुखते. अजून किती वावर राह्यलं ते बघायचं नाय. हातातली मूठ बघायची. ती लावली की दुसरी." तू चिखलात तशीच उभी राहिलीस आणि एकदम हसलीस. "दादा, ऐकलंस का? हेच की रे!" बाबांना कळेना आपण काय शहाणपणाचं बोललो ते. त्यांना खेळ कधी कळलाच नाही. टेबल टेनिसला ते शेवटपर्यंत टकटक म्हणायचे. कोणी विचारलं की, पोर कुठाय, तर सांगायचे, टकटक खेळाय गेली कल्याणला. पण कंपनीने भंगारात काढलेलं टेबल मी टेम्पोतून आणलं तेव्हा समाजमंदिरात ते उचलून नेणाऱ्यांत पुढचा पाय बाबांच्याच खांद्यावर होता.

आणि बॅट सैल धरायचं ते बैलांवरून. "जनावर बिथरलं की कासरा आवळायचा नाय, सैल सोडायचा." तेही तू या पोरींना शिकवलंयस असं दिसतं. शिकवतेस, आणि आम्हाला सांगितलंस की बॅटला हात लावत नाही. मी रागावलो नाही. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की मला तुला लगेच भेटावंसं वाटलं. धसईची एसटी स्टँडवर उभीही होती. मी चढलो नाही.

आता कामाचं. अक्षदाला बावीस सप्टेंबरला ठाण्याला जायचंय, जिल्ह्याच्या सामन्यांना. तिचे सर सांगत होते, कमळताई आल्या तर पोर जिंकेल, पण त्या ठाण्याला यायला तयार नाहीत. धसईच्या स्टँडपर्यंत येते म्हणाल्या, पुढे नाही.

कमळ, तू जा.

हे एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो. पण तू का जात नाहीस ते मला माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते अर्धं खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे. म्हणून पुढे लिहितो. हळूहळू वाच.

पंधरा फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव. ठाण्याचा तो हॉल, वर पत्रे, आणि बाजूला आयोजकांची खोली. तू सतरा वर्षांची. जिंकलीस तर राज्याच्या संघात. पहिला गेम तू घेतलास, दुसरा तिने. तिसरा सुरू झाला आणि माझं नेहमीचं सुरू झालं, नखं खाणं, उठणं, बसणं. तू नेहमी म्हणायचीस ना, "दादा, तू भाईर जा रे, तुला बघून माझा हात कापतो." मी खरंच बाहेर जायला उठलो होतो. तेवढ्यात आयोजकांचा माणूस दारात आला, "शहापूरचे दामू कोण? फोन आहे."

तुला मी सांगितलं होतं की सामना संपल्यावर फोन आला. आईलाही तेच सांगितलं. सगळ्या गावाला तेच माहीत आहे.

फोन तिसऱ्या गेमला आला, कमळ. साडेबारा वाजता.

मंगळूकाका होते. शहापूरच्या बूथवरून बोलत होते. "दामू, बापूस खळ्यात पडला रे. छातीत कळ आली. दवाखान्यात आनलाय. कमळला घे नि नीघ. सारखं तिचंच नाव घेतोय." मी विचारलं, शुद्धीवर आहेत ना? म्हणाले, हाय, पन तू नीघ.

मी फोन ठेवला. भिंतीवर घड्याळ होतं. सव्वाएकची कसारा गाडी होती, ती चुकली तर पुढची तासाभराने. मला सगळं नीट आठवतं. मी दारापर्यंत आलो, तू तिसरा गेम हरून बाकाकडे येत होतीस. चौदा-एकवीस. घामाने भिजलेली. दोन मिनिटांची विश्रांती.

तू विचारलंस, "कोनाचा फोन?"

मी म्हटलं, "कंपनीतून. ड्युटीचं इचारत होते."

का म्हटलं ते मी नऊ वर्षं स्वतःला सांगतोय आणि दर वेळी वेगळं सांगतोय. आज एकच लिहितो. बाबा शुद्धीवर आहेत म्हणजे वाचतील असं मला वाटलं, हे खोटं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काय होतंय असं वाटलं, तेही खोटं नाही. पण मला जिंकायचं होतं. तुझ्यासाठी, आणि माझ्यासाठीही. ज्या साहेबांचे चेंडू मी दहा वर्षं कोपऱ्यांतून गोळा केले, त्यांना मला सोमवारी सांगायचं होतं की माझी बहीण महाराष्ट्राकडून खेळणार.

मी बाकावर बसलो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी हललो नाही. हात मांडीवर ठेवले, ते तिथेच राहिले. चौथा गेम एकवीस-सोळा. पाचवा बावीस-वीस. वीस-वीस असतानाही मी नखं खाल्ली नाहीत. मी फक्त घड्याळ बघत होतो आणि तुला ते दिसू नये म्हणून मान न वळवता बघत होतो.

जिंकल्यावर तू धावत आलीस आणि काय म्हणालीस? "दादा, आज तू किती शांत होतास रे! तुझ्या तोंडाकडे बघून मी शांत झाले."

मग मी तुला सांगितलं की आत्ताच फोन आलाय. सव्वाएकची गेली होती. आपण चारला दवाखान्यात पोचलो. बाबा तीन वीसला गेले होते.

मी तेव्हाच उठलो असतो तर आपण तीनच्या आत पोचलो असतो. हा हिशेब मंगळूकाकांनाही कळत होता. त्यांनी मला कधी विचारलं नाही, आईला कधी सांगितलं नाही. फक्त बाराव्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं ते झालं." ते गेले, आता ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाकडे नाही. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं होईल. उलट झालं.

पण तो पाऊण तास नाही मला इतका जाळत. बाराव्याला मोठी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "बापूस मरत होता नि पोर खेळत होती." तू खाली मान घालून भांडी घासत होतीस. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. "कमळला माहीत नव्हतं, मला माहीत होतं." एवढंच. मी बोललो नाही. त्या आठवड्यात तू बॅट शेजारच्या पोराला देऊन टाकलीस, राज्याच्या संघाच्या शिबिराला गेली नाहीस, वर्षभरात लग्न करून धसईला गेलीस. दिवाळीला येतेस, भाऊबीजेला ओवाळतेस, माझ्याकडे न बघता. बाबांच्या तिथीला एकदाही आली नाहीस. मला वाटायचं, हिला स्वतःचीच लाज वाटते, आणि ती लाज मी दिलीय.

हे वाचून तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण ठाण्याला जा. ज्यासाठी तू घरात बसलीयस तो दोष तुझा नव्हता.

दोन ओळींचं का होईना, पण या वेळी चिठ्ठी पाठव.

दामू


धसई
सोमवार, २४ सप्टेंबर २००७

दादा,

पत्र येऊन तीन आठवडे झाले. मधे गणपती होते, गौरी होत्या, पाहुणे होते, हे सगळं खरं आहे आणि उशिराचं कारण ते नाही. तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. ह्यांनी विचारलं, माहेरचं काय वाईट आहे का? मी म्हटलं, नाही, दादाने बाबांची आठवण काढलीय. ते उठून प्रज्वलला बाहेर घेऊन गेले. ह्यांच्यासमोर मी कधी बाबांचं नाव काढत नाही, ते त्यांना ठाऊक आहे.

आधी अक्षदाचं सांगते, ते सोपं आहे.

मी गेले. शनिवारी पहाटेची एसटी धरून कल्याण आणि मग ठाणे. हॉल वेगळा होता, बरं झालं. तिची आई सावळी हिने निघताना तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. "काय लागला तर घे गो," म्हणाली. तो लहानसा फोन मला विटेसारखा जड लागत होता. अक्षदा जाळीजवळ उड्या मारत अंग मोकळं करत होती, तिला मी बाजूला घेतलं. म्हटलं, "हे बघ, तुझ्या घरून काही निरोप आला ना, तर मी तो तुला सांगणार. चालू गेम संपू देईन, त्यापुढे एक मिनिट थांबणार नाही. मग खेळायचं की नाही ते तू ठरव. चालेल?"

तिने उड्या थांबवल्या. "असं काय बोलतेस काकू?"

"उगाच. चालेल का सांग."

"चालेल," म्हणाली, आणि परत उड्या मारायला लागली.

दोन सामने तिने सहज काढले. उपांत्य सामन्याला ठाण्याची एक मुलगी होती, पाय नाचवत खेळणारी, फार सुंदर खेळणारी. एक-एक गेम झाला. तिसऱ्याच्या मध्यावर माझ्या मांडीवर फोन वाजला.

दादा, उठून दाराकडे जाताना मला तुझी पाठ दिसत होती, तू त्या दिवशी गेलास तशी. मी कानाला लावला. सावळी होती. "कमळ, किती वाजतील गो यायला? नि ही दुपारची जेवली काय? मी तिच्यासाठी काय करून ठेवू?"

मी फोन कानाला धरून दाराच्या पायरीवर बसले. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हटलं, विचारून सांगते.

गेम संपला, पोर बाकावर आली, हरली होती तो गेम. मी म्हटलं, "तुझ्या आईचा फोन होता. घरी सगळं बरं आहे. जेवायला काय करू विचारतेय."

अक्षदाने टॉवेलातून तोंड वर काढलं. "भेंडी नको म्हनावं."

एवढं बोलून ती गेली आणि चौथा गेम जिंकली. पाचवा हरली, नऊ-अकरा. रडली नाही. येताना एसटीत म्हणाली, "काकू, तुझेच पाय हलत होते सगळा टाइम. मला हसू येत होतं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून मुरबाडपर्यंत झोपली. पुढच्या वर्षी ती पुढे जाईल. मनगट फार चांगलं आहे तिचं.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंयस, दोष तुझा नव्हता, तुला माहीत नव्हतं. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागद घडीवर फाटलाय. नऊ वर्षं मला वाटत होतं की हे वाक्य कोणीतरी मला म्हणावं. आणि आता तू म्हणालास, तर मला ते घेता येत नाही.

पंधरा फेब्रुवारीला रविवार होता, दादा.

तू म्हणालास, कंपनीतून फोन होता, ड्युटीचं विचारत होते. तुझा क्लब रविवारी बंद असायचा. म्हणून तर तू मला रविवारच्या सामन्यांना नेऊ शकायचास. रविवारी कंपनीतून तुला कोण विचारणार? हे मला दुसऱ्या दिवशी नाही कळलं, रडताना नाही कळलं. तू बोललास त्याच क्षणी कळलं. आणि तुझा चेहरा बघितला. तू दाराकडे गेलास तेव्हा नखं खात होतास आणि आलास तो दगडासारखा. मला कळलं की घरी काहीतरी झालंय. कोणाला झालंय ते नाही कळलं, पण वाईट झालंय हे कळलं.

माझ्याकडे दोन मिनिटं होती. एकदाच परत विचारलं असतं, "दादा, खरं सांग," तर तू सांगितलं असतंस. तू माझ्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलूच शकला नसतास, मला माहीत आहेस ना तू. म्हणूनच मी विचारलं नाही. पाणी प्यायले. बॅट पुसली. टेबलाकडे पाठ केली आणि म्हटलं, वावर नको बघू, मूठ बघ. बाबांचंच वाक्य, आणि ते मी घराकडे न बघण्यासाठी वापरलं.

दादा, मी आयुष्यात इतकी शांत कधी खेळले नाही. तो पाचवा गेम मला अजून चेंडू-चेंडू आठवतो. वीस-वीसला हात कापला नाही. लोक म्हणतात मन एकाग्र करावं. मला माहीत आहे ते कसं करतात. बाकीचं सगळं बाहेर ठेवून दार लावून घ्यायचं. त्या दिवशी बाहेर बाबा होते.

आणि जिंकल्यावर मी तुला म्हणाले ना, तुझ्या तोंडाकडे बघून मी शांत झाले? ते आनंदाने नव्हते म्हणाले. मला तुझ्या डोक्यात शंकाच येऊ द्यायची नव्हती की मी काही ओळखलंय. सतरा वर्षांची होते, पण तेवढं सुचलं मला. तू तेच वाक्य नऊ वर्षं उराशी घेऊन बसलास, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आत्या भांड्यांपाशी बोलली तेव्हा मला वाटलं हिला कसं कळलं? मी मान खाली घातली कारण ती खरं बोलत होती. आणि तू दारात होतास, तुझ्याकडे बघवेना. मला वाटायचं, दादाला सगळं माहीत आहे. मी ओळखलं होतं हे त्याने ओळखलंय, आणि मला वाचवायला तो गावाला खोटं सांगतोय. भाऊबीजेला मी तुझ्याकडे बघत नव्हते ते म्हणून. पाकिटात चिठ्ठी घालायला बसले की पहिलं वाक्यच हे यायचं, आणि हे लिहायचं नसेल तर दुसरं काय लिहू, ते सुचायचं नाही.

म्हणजे बघ, तू मला लाज दिली नाहीस. माझी मी घेतली होती. आपण एकमेकांपासून लपवत बसलो, आणि मंगळूकाका बिचारे मधल्या मधे सगळं घेऊन गेले.

बॅट का परत धरली, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी शाळेला कोणीतरी टेबल दिलं. प्रज्वलला सोडायला जायचे, तर आत पोरी खेळत असायच्या, आणि तो आवाज. मी रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. एकदा हात धरून प्रज्वल म्हणाला, "आये, हा टकटक आवाज कसला?" त्याने बाबांना बघितलं नाही, त्यांचा शब्द ऐकला नाही कधी. त्याला आपसूक सुचलं. मी आत गेले आणि त्या पोरींना बॅट कशी सैल धरायची ते दाखवलं. घरी येऊन खूप रडले. पुढच्या बुधवारी परत गेले.

येत्या रविवारी पक्षातली चौथ आहे. बाबांची तिथी. मी येतेय. प्रज्वलला घेऊन सकाळी पहिल्या गाडीने निघते, हे दुपारी बाजार आटपून येतील. आईला सांग की वडे मी तळेन, तिने गुडघा घेऊन चुलीपाशी बसू नये. तिला बाकीचं सांगायचं की नाही, ते आपण दोघं बसून ठरवू. मला वाटतं सांगावं. तुला नको वाटलं तर थांबू. पण या वेळी विचारून, दादा. गप्प राहून नाही.

आणखी एक. तू पत्रात लिहिलंयस, कोणी विचारलं की बाबा सांगायचे, पोर टकटक खेळाय गेली कल्याणला. मला हे माहीत नव्हतं. मी कल्याणला असायचे ना तेव्हा, मी कशी ऐकणार? मी नसताना ते माझ्याबद्दल काय बोलायचे, कोणाला सांगायचे, सांगताना त्यांचं तोंड कसं व्हायचं, हे मला कोणीच सांगितलेलं नाही. मी विचारलंच नाही कोणाला. इथे धसईत बाबांना बघितलेलं एकही माणूस नाही, दादा. ते कसे हसायचे ते मी प्रज्वलला करून दाखवायला गेले, तर मलाच नीट आठवेना.

तुला आठवत असेल. रविवारी जेवण झालं की ओट्यावर बसू आणि तू सांग. जेवढं आठवतं तेवढं सगळं. मी मधे बोलणार नाही.

तुझी
कमळ